मामांची कात्री आणि सीटखालची लाल बाटली

गाडीत बसण्याआधी मामा सीटखाली हात घालायचे. गाडी कुणाचीही असो, लग्नाला निघालेली असो की दवाखान्याला. उजवा पाय आत, डावा रस्त्यावर आणि हात सीटखाली. हाताला आग विझवायची लाल बाटली लागली तर बसायचे. नाही लागली तर आत ठेवलेला पाय शांतपणे बाहेर घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमी व्हा पुढं. मी एसटीनं येतो." आणि खरंच एसटीनं यायचे. एका लग्नात त्यांना मानानं नवरदेवाच्या गाडीत बसवायचं ठरलं. त्यांनी झेंडूच्या माळा बाजूला सारून सीटखाली चाचपलं तर तिथं नवरदेवाचे नवे बूट निघाले. मामा उतरले. मांडवात पोचले तेव्हा दुसरी पंगत उठत होती.

अशी बरीच जेवणं हुकल्यावर त्यांनी तोड काढली. स्वतःची एक किलोची बाटली कापडी पिशवीत घालून ते बरोबर नेऊ लागले. लोक पाण्याची बाटली नेतात तशी. प्रवासभर ती मांडीवर असायची. कुणी विचारलं, "मामा, पिशवीत काय हाय?" तर म्हणायचे, "माझं तिकीट."

ते आमचे कुणी मामा नव्हते. हिंगोलीत आमच्या गल्लीत आमच्या फाटकापासून त्यांचं फाटक बासष्ट फुटांवर होतं. हे मी मोजून सांगतो आहे. जमिनीची मोजणी हा माझा धंदा आहे. त्यामुळे ते मला "मोजणीवाले" म्हणायचे, आणि ते सगळ्या गल्लीचे मामा होते म्हणून माझेही. आता ते लेकीकडे राहायला गेलेत आणि त्या फाटकाला कुलूप असतं. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कुणी फाटक वाजवलं की अजूनही मला वाटतं, मामा बाटली उलटी करायला आले.

हे बाटली उलटी करणं म्हणजे त्यांचं व्रत होतं. गल्लीत ज्यांच्या ज्यांच्या गाडीत बाटली होती, त्यांच्याकडे ते पहिल्या रविवारी जायचे. बाटली काढायची, उलटी धरायची, बुडाला तळहातानं थोपटायचं आणि कानाशी न्यायची. आत कोरडी पावडर असते. आपल्या रस्त्यांवर गाडी हिंदकळून ती पावडर तळाशी दाबून बसते, मग ऐनवेळी नुसती हवा बाहेर येते. आतून वाळू सरकल्यासारखा आवाज आला की मामा मान डोलवायचे. "जागं हाय लेकरू." नाही आला तर आणखी थोपटायचे. माझी आई ओट्यावरून म्हणायची, "मामा, ढेकर काढला का हो त्यानं?"

"काढला काढला," मामा म्हणायचे. "आता महिनाभर रडत न्हाई."

मामांची सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली. कापूस आणि सरकी वेगळी करायची ती गिरणी. तिथं आगीवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे होतं. कापसाच्या ढिगात एखादा खडा आला, यंत्रात ठिणगी उडाली, की बातमी लागेपर्यंत गंज पेटलेली असते. त्यामुळे त्यांचं नाक फार तयार झालं होतं. "आग आधी वास देती, मंग धूर, मंग जाळ," ते म्हणायचे. "वास आला तवा जो हलला तो शहाना. धूर दिसल्यावर हलला तो नशीबवाला. जाळ पाहून हलला तो नुसता पळतो."

चहाच्या टपरीवर त्यांची टिंगल ठरलेली होती. कुणीतरी हमखास विचारायचं, "मामा, इतकी वर्षं फायरवाले होता, किती आगी विझवल्या बाटलीनं?"

मामा कपबशी खाली ठेवून सरळ सांगायचे, "एकबी न्हाई."

आणि ते खरं होतं. त्यांच्या नाकामुळे जिनिंगमधली प्रत्येक ठिणगी वाळूच्या बादलीतच संपली होती. भिंतीवरच्या बाटल्या त्यांनी पुसल्या, तोलल्या, भरून आणल्या, पण खऱ्या आगीवर एकही दाबली नाही. टपरीवर हसू फुटायचं. मामांना त्याचं काही वाटत नसे. खोटं सांगून एखादी आग पदरात पाडून घेणं त्यांना सहज जमलं असतं. ते त्यांनी कधी केलं नाही आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. माझ्या धंद्यात मी पाहिलं आहे, जो माणूस बांधाचं माप एक बोटही वाढवून सांगत नाही त्याच्याच शेताची मोजणी बिनभांडणाची होते.

मी जुनी गाडी घेतली, छोटी, पेट्रोलची, तेव्हा बाटली निवडायला मामांना बरोबर घेतलं. निवड मी आधीच केली होती. घरी बसून चार रकान्यांचा तक्ता तयार केला होता: प्रकार, वजन, किती सेकंद चालते, किती लांब मारते. त्यात दोन किलोची पावडरची बाटली सगळ्यात जास्त वेळ चालणारी, म्हणून तिच्याखाली मी रेघ मारली होती. मामांनी तक्ता नीट वाचला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "बराबर हाय. पन एक रकाना राह्यला. दाबनार कोन?"

"मीच की. गाडी मी चालवतो."

"आन तुमालाच लागलं आसंल तं? घरात सगळ्यात कमी जोर ज्याच्या हातात, त्याच्या हातानं बाटली निवडावी. सूनबाईला आना."

सूनबाई म्हणजे माझी बायको. ती दुकानात आली. मामांनी दुकानदाराकडून एक बुटका स्टूल मागून घेतला, तिला त्यावर बसवलं, दोन किलोची बाटली स्टुलाखाली ठेवली आणि म्हणाले, "समज तू गाडीत हायस. पट्टा लावलेला हाय. काढ एका हातानं." बाटली निम्मी बाहेर आली आणि स्टुलाच्या पायात अडकली. भरलेल्या बाटलीचं वजन लोखंडासकट चार किलोच्या घरात होतं. मग एक किलोची ठेवली. ती एका झटक्यात बाहेर आली, डाव्या हातात बूड, उजव्या हाताचं बोट पिनेच्या कडीत. बाजारातली चार माणसं थांबून बघत होती. बायको लाजून लाल झाली होती, पण मामा म्हणाले, "ही हिची. मोजणीवाले, तुमचा तक्ता आता भरला."

दुकानदार म्हणाला, "मामा, ही एवढी कशाला? हे बघा नवीन, स्प्रेसारखं. हलकं, शोभेला पण बरं."

मामांनी तो डबा हातात घेऊन फिरवला. "काटा कुठं हाय याला?"

"काटा नसतो याला."

"मंग आत काही हाय का न्हाई ते कोन सांगनार? तुमी येताल का सांगायला? ही मच्छर मारायची चीज. ठेवा."

मग दुकानदारानं काळ्या रुंद तोंडाची गॅसवाली बाटली दाखवली, कार्यालयांत असते ती. ही वायरींना उत्तम, मागे घाणही ठेवत नाही, हे मामांनी कबूल केलं. "पन रस्त्यावर वारं असतं. गॅस जाईल वाऱ्यासंगं कळमनुरीला आन आग राहील हितंच. आन उन्हाळ्यात बंद गाडीत हिला कोंडून ठेवायची, ते मला पटत न्हाई. पानी तं नकोच. पेट्रोल पान्यावर तरंगतं आन जाळ संगं घेऊन फिरतं." म्हणजे राहिली कोरड्या पावडरची, लाकूड-कापड, पेट्रोल आणि वीज तिन्ही आगींना चालणारी, आयएसआयचा शिक्का असलेली, एक किलोची. मामांनी तिचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहिलं, भरल्याची तारीख वाचली, खटक्याची सील तपासली. लोक पत्रिका बघतात तसे ते बाटलीवरचा कागद बघायचे.

बसवण्यातही त्यांनी माझा अर्धा दिवस घेतला. मला ती डिकीत ठेवायची होती. मामा म्हणाले, "डिकीतली बाटली म्हंजे गावातला दवाखाना आन आजारी शेतात." प्लॅस्टिकचा पट्टा त्यांनी नाकारला, जोरात ब्रेक लागला की बाटली निसटून पायातल्या पॅडलखाली जाते आणि आगीआधी तीच जीव घेते. शेवटी पुढच्या डाव्या सीटखाली लोखंडी कडं बोल्टनं आवळून बसलं. चालकाच्या हातापासून अंतर बावीस इंच. मी मोजलं. मामांनी डोळे मिटून हात घालून पाहिलं.

त्यांचा आणखी एक नियम होता. बाटलीची मुदत संपली की ती नुसती भरायला द्यायची नाही, आधी स्वतः दाबून रिकामी करायची. गल्लीच्या टोकाच्या मोकळ्या प्लॉटवर मामा घमेल्यात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पेटवायचे आणि घरातल्या बाईमाणसांना पुढं करायचे. "जाळाच्या शेंड्यावर न्हाई, बुडावर मार. आन तोंडानं मोज. आठ आकड्यांत संपती ही. सहा वापर, दोन राख. विझलेली आग फसवी असती, पुन्हा उठती." माझी बायको पहिल्यांदा घाबरली. दुसऱ्या वर्षी तिनं पाचातच विझवली. मी घड्याळ लावलं होतं. बाटली एकूण साडेआठ सेकंद चालली.

टपरीवर कुणी म्हणालं, "मामा, या तं विझवल्याच की तुमी घमेल्यात."

"त्या मीच लावलेल्या," मामा म्हणाले. "सोताच्या लेकराला हारवून पैलवान होता येतं व्हय?"

आता दसऱ्याकडे येतो. दसऱ्याला आपल्याकडे गाडी धुऊन तिची पूजा होते. झेंडूची माळ, हळदी-कुंकू, चाकाखाली लिंबू. माझी बायको नीट पूजा करणारी आहे. ज्यानं आपलं काम केलं त्या प्रत्येक वस्तूला हळदी-कुंकू लागलं पाहिजे, म्हणून शिवणयंत्र, मिक्सर, माझी मोजणीची साखळी आणि सीटखालची लाल बाटलीही पाटावर यायची. बाटलीला ती नाडाछडी बांधायची, तो पूजेचा लाल-पिवळा दोरा. बांधायला बाटलीवर सगळ्यात सोयीची जागा कुठली? खटक्याची दांडी आणि पिनेची कडी. तिथंच तीन वेढे आणि गाठ. आमच्याच घरी नव्हे, गल्लीतल्या प्रत्येक बाटलीला तिथंच. वर्षभर ज्या पिनेवर सगळं अवलंबून, तिलाच आम्ही सगळे भक्तीनं बांधून टाकायचो.

म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा खिशात कात्री घालून निघायचे. ती कात्री वर्षातून त्या एकाच दिवशी खिशात यायची. घरोघर जाऊन बाटली मागायचे, तिला नमस्कार करायचे, दोरा कापायचे आणि कापलेला दोरा तुळशीत नेऊन ठेवायचे. बायका चिडायच्या. "मामा, देवाचा दोरा कापता? पाप लागंल."

"लागू द्या," मामा म्हणायचे. "पाप मला, बाटली तुमाला."

एका वर्षी अष्टमीला माझी आई अंगणात पाय घसरून पडली. नडगीचं हाड मोडलं. पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. दसऱ्याची पूजा बायकोनं केली, पण तिचं मन धास्तावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी मामा कात्री घेऊन आले तेव्हा ती फाटकात आडवी उभी राहिली.

"मामा, या वर्षी नका कापू. घरात आधीच एक हाड मोडलंय. मला भ्याव वाटतं."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग आत पलंगावर पाय लांब करून पडलेल्या आईकडे. कात्री खिशात ठेवली. "बरं माय. पन सरकगाठ तरी मारून घे. एका ओढीत सुटती."

"मारते," ती म्हणाली. घरात आजारपण होतं, ते राहून गेलं. मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. गाठ सोडायला वेळ किती लागेल आणि बाटली चालते किती, हे दोन्ही आकडे मला माहीत होते. मी काही बोललो नाही. घरात वाद नको, एवढाच विचार केला.

दिवाळी आटोपल्यावर आईला हाडाच्या डॉक्टरांना दाखवायला वाशिमला न्यायचं होतं. मामा म्हणाले, मी पण येतो. त्यांची दातांची कवळी वाशिमलाच केली होती आणि ती हिरडीला टोचत होती. निघताना त्यांच्या हातात पिशवी नव्हती. हे मला सांगायलाच हवं. जगातल्या बाकी सगळ्या गाड्यांत मामा आपली बाटली घेऊन बसायचे. माझ्या गाडीत मात्र रिकाम्या हातानं. सीटखाली हातही घालायचे नाहीत. कुठल्याही साहेबानं माझ्या कामाबद्दल लिहिलेल्या शेऱ्यापेक्षा मला त्याचा जास्त अभिमान होता.

डॉक्टरांनी प्लास्टर आणखी दोन आठवडे ठेवायला सांगितलं. कवळी दुरुस्तीला ठेवून घेतली, मामा पोकळ गालांनी परत आले. मागच्या सीटवर आई डाव्या दाराला पाठ टेकून, पाय आडवा लांब केलेला. तो पाय मांडीवर घेऊन बायको उजव्या टोकाला. पुढं मी आणि मामा. दुपार होती. कनेरगाव नाका ओलांडून आम्ही हिंगोलीकडे लागलो आणि मामांनी नाक वर केलं.

"थांबवा."

"काहून? ढाब्याचा वास आहे तो, मामा," मी म्हणालो.

"ढाब्यात वायर शिजवत न्हाईत. थांबवा!"

मी गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली. तेवढ्यात बोनेटच्या कडेनं निळसर धूर आला. मी बोनेटचा आतला खटका ओढला. झाकण दोन बोटं वर आलं आणि त्या फटीतून पिवळी जीभ दिसली.

"झाकन उघडू नका पुरं!" मामा ओरडले. "हवा लागली की ती मोठी होती. आईला काढा!"

मी डावीकडचं मागचं दार धरलं. आईची सगळी पाठ त्या दारावर होती. दार हळूहळू उघडून तिला काखेत धरून मागच्या मागे ओढायची, आणि तो लाकडासारखा पाय सीटच्या फटीतून सोडवायचा. हे काम घाईनं होण्यासारखं नव्हतं. आई म्हणाली, "काय झालं रे?" मी म्हणालो, "काही नाही, उतर." आयुष्यात मी बोललेलं सगळ्यात चुकीचं विधान ते असेल.

मामांनी बाटली काढली होती. पिनेच्या कडीत बोट घालून ओढली. पिन हलली नाही. कडीभोवती लाल-पिवळ्या दोऱ्याचे तीन वेढे होते, हळदीच्या पाण्यात भिजून वाळलेले, सुतळीसारखे कडक. त्यांनी नखं लावली. मग गाठ तोंडाशी नेली आणि थांबले. दात वाशिमला होते.

त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. भीती नव्हती त्यात. ज्या एका घरावर त्यांनी पिशवीशिवाय विश्वास टाकला, त्या घराची गाठ त्यांच्या हातात होती.

बायको तोवर उजवीकडून उतरून वळसा घालून आली होती. "द्या इकडं. गाठ माझी हाय," म्हणाली आणि दोऱ्यात दात रोवले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मान झटकून तोडला. पिन निघाली. तिनं बाटली मामांपुढे धरली. मामांनी ती तिच्याकडेच ढकलली.

"तूच दाब माय. तुझा हात शिकलेला हाय."

ती फटीसमोर बसली आणि बुडावर मारली. मोठ्यानं मोजत होती, शाळेत पाढे म्हणावेत तशी. मामा धावत माझ्याकडे आले आणि त्यांनी आईचा प्लास्टरचा पाय दोन्ही हातांवर घेतला. एक, दोन, तीन. पाय सीटमधून सुटला. चार, पाच. पांढरा लोट सगळीकडे. सहाला तिनं खटका सोडला. जाळ गेला होता.

"जागा सोडू नको!" आईचा पाय हातात धरलेले मामा तिकडं न बघताच ओरडले. "दोन राख!"

आणि जाळ पुन्हा उठला, फटीच्या डाव्या कोपऱ्यात, आधीपेक्षा बारीक. सात. आठ. बाटली फुसफुसून रिकामी झाली. आम्ही आईला हळूहळू पुरतं बाहेर घेतलं आणि तीस पावलं लांब नेलं. जाळ मग उठला नाही.

ढाब्यावरची माणसं बादल्या घेऊन पळत आली. मामा हात पसरून गाडीसमोर उभे राहिले. "पानी नको! वायर हाय, पेट्रोल हाय!"

"ओ बाबा," एक जण म्हणाला, "आगीवर पानी न्हाई टाकायचं तं काय दूध टाकायचं?"

"टाकायचंच आसंल तं चहात टाक," मामा म्हणाले, "आन चार कप आन. आन बॅटरीची वायर काढायला पाना."

ढाब्याची खाट आली. आईला तिच्यावर निजवलं. पाना आला, बॅटरीची वायर सुटली. मी कर्कश हॉर्न बसवताना घातलेली जादा वायर पत्र्यावर घासून सोलली होती, हे मामांनी तिथंच दाखवलं, नंतर मिस्त्रीनंही तेच सांगितलं. बायको खाटेच्या पायाशी बसली होती, भुवयांपासून पदरापर्यंत पांढरी. ओठांना हळद लागली होती. चहा हातात आला तेव्हा तिला रडू फुटलं.

"मामा, तुमी कापत होता. मीच आडवं आले."

"मी आडवा गेलो न्हाई, ती चूक माझी," मामा म्हणाले. "देवाचं नाव निघालं की माझं चालत न्हाई, म्हणून गप बसलो. पन देव कुठं गाठी मारतो? गाठी आपन मारतो."

तिसरा वाटा माझा होता. तो मी तिथंच बोलून दाखवला. मामा म्हणाले, "तुमचा वाटा हॉर्नसकट मोजा, मोजणीवाले." आई खाटेवरून म्हणाली, "सुनंनं बांधलं, सुनंनंच सोडलं. आता कुनी रडू नका, चहा निवून राह्यला."

पुढं मी रिकाम्या गाडीत सगळी उतराउतर पुन्हा करून पाहिली. आईला सुखरूप बाहेर काढायला सत्तर सेकंदांच्या खाली लागत नाहीत. गाठीत गेले बारा ते पंधरा. बाटली चालली आठ. त्या आठांनी आम्हाला सत्तर मिळवून दिले. ही बाटली गाडी वाचवायला नसते, माणूस उतरेस्तोवर आगीला थोपवून धरायला असते, हे मामा सांगत आले होते; मला ते उदाहरणासकट समजलं. जाळ मोठा असेल तर तिच्या नादीही न लागता लांब पळावं, हेही तेच सांगायचे.

टपरीवर बातमी आमच्याआधी पोचली. कुणीतरी म्हणालं, "मामा, आता तरी बोला. किती झाल्या?"

"एकबी न्हाई," मामा म्हणाले. "पन एक विझताना पाह्यली. बराबर विझली."

त्यानंतर मात्र माझ्या गाडीत बसताना ते पुन्हा सीटखाली हात घालू लागले. बाटली आहे का म्हणून नव्हे. बोट पिनेच्या कडीत फिरवून बघायचे. गेलेला विश्वास परत मोजून घ्यावा लागतो, आणि मोजणीला हरकत घेण्याचा मला अधिकार नव्हता.

पुढच्या दसऱ्याला बायकोनं पूजा केली. शिवणयंत्र, मिक्सर, साखळी, आणि नव्यानं भरून आणलेली बाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आले, खिशात कात्री. बाटली हातात घेतली, नमस्कार केला आणि थांबले. पिनेला कुंकवाचं एक बोट लावलेलं होतं, बस्स. दांडी मोकळी, कडी मोकळी. त्यांनी बाटली फिरवून बुडापर्यंत पाहिली. दोरा कुठंच नव्हता.

"शेजारी पाहून आलो, तिथंबी न्हाई," ते म्हणाले. "पलीकडंबी न्हाई. तू सांगितलं का सगळ्यांला?"

"सांगितलं."

मामा कात्रीकडे बघत राहिले. "मंग माझं आता काय काम?"

बायको आत गेली आणि पूजेच्या ताटातली नाडाछडी घेऊन आली. "हात द्या," म्हणाली. "यंत्रांचं झालं. तुमचं राह्यलंय." त्यांनी कात्री डाव्या हातात घेतली आणि उजवा पुढे केला. तिनं मनगटाला तीन वेढे दिले आणि गाठ मारली.

मामांनी हात डोळ्यांजवळ नेऊन गाठ नीट पाहिली. मग दोऱ्याचं टोक चिमटीत धरून ओढलं. एका झटक्यात दोरा सुटून खाली पडला. सरकगाठ होती.

"बराबर," मामा म्हणाले, आणि हात पुन्हा पुढे केला.